किरणला कुणी विचारलं नव्हतं

निवृत्त होऊन बरेच महिने झाले, तरी दिघीच्या आमच्या सोसायटीत मला अजून ‘हॉस्पिटलवाल्या मॅडम’ म्हणूनच ओळखतात. आसपासच्या कुठल्या तरुण मुलाने जीव दिल्याची बातमी आली, की लिफ्टमध्ये किंवा भाजीच्या गाडीपाशी कुणी ना कुणी मला गाठतंच. “मॅडम, कारण काय असेल हो?” विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांना घरी जाऊन आपल्या मुलाकडे बघायचं असतं आणि ‘ते कारण आपल्याकडे नाही’ असं स्वतःच्या मनाला सांगायचं असतं. मी एखादं नेमकं कारण दिलं, तर त्यांना बरं वाटेल. आयुष्यभर हेच काम केलं, तरी तसं एक कारण मला कधी देता आलेलं नाही. आता तर उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. “काही सांगता येत नाही बघा,” म्हणते आणि मेथीची जुडी उचलते.

भोसरीकडच्या एका सरकारी रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका होते. हे पद म्हणजे काय, हे पेशंटांना सोडा, निम्म्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. बहुतेकांच्या लेखी मी ‘बिल कमी करून देणाऱ्या बाई’. ते काम होतंच. बेवारस पेशंटाचे नातेवाईक शोधणं, टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आश्रम बघणं, दारू सोडवायला आलेल्याच्या बायकोशी बोलणं, हेही होतं. त्यातच एक काम असं, की जिवाचं बरंवाईट करून घ्यायला निघालेलं तरुण पोर कॅज्युअल्टीत आलं आणि डॉक्टरांनी त्याला वाचवलं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसायचं. डॉक्टरांचं काम तिथे थोडं हलकं होतं, आमचं सुरू होतं.

आमच्या प्रशिक्षणात जोखमीचे घटक आणि संरक्षक घटक असे दोन शब्द सतत कानावर पडत. शब्द जड आहेत, गोष्ट साधी आहे. माणसाला ढकलणाऱ्या काही गोष्टी असतात आणि धरून ठेवणाऱ्या काही. आमच्या या पट्ट्यात ढकलणाऱ्या गोष्टी शोधायला लांब जावं लागत नाही. लातूर, परभणी, हिंगोलीकडून पोरं येतात. एका खोलीत चौघं राहतात, तरी जेवायला प्रत्येक जण एकटा असतो, कारण प्रत्येकाची शिफ्ट वेगळी. आठवड्याला शिफ्ट बदलते, झोपेचा पत्ता राहत नाही. ट्रेनी म्हणून घेतात, मुदत संपली की पुढचं कुणी सांगत नाही. घरी फोनवर ‘मजेत आहे’ म्हणायचं. त्यात आधीपासून मन आजारी असेल, पूर्वी एकदा तसा प्रयत्न झालेला असेल, घरात कुणी तसं गेलेलं असेल किंवा नुकताच जवळचा मित्र गेला असेल, तर धोका वाढत जातो. दुसऱ्या बाजूला धरून ठेवणाऱ्या गोष्टी मात्र अगदी फुटकळ दिसतात. रोज हाक मारणारं एखादं माणूस. रविवारची क्रिकेटची टीम. ‘आला नाहीस तर अडेल’ असं वाटायला लावणारं एखादं काम. आणि वेळेवर मिळालेला डॉक्टर, हे तर सांगायलाच नको.

एवढं कळलं म्हणजे कुणाचं काय होणार हे सांगता येतं, असं मात्र नाही. निगडीची एक इंजिनिअरिंगची मुलगी माझ्याकडे यायची. आईवडील समजूतदार, मैत्रिणी जिवाला जीव देणाऱ्या, औषधं वेळेवर. धरून ठेवणारं सगळं होतं. तरीही ती गेली. तिच्या आईने मला विचारलं, “आमचं काय राहिलं करायचं?” मी तिचा हात धरून बसले. राहिलेलं काहीच नव्हतं, आणि तेच तिला पटवता येत नव्हतं. त्या दिवशीही दुपारी ओपीडी होतीच.

पण आज सांगायचं आहे ते किरणचं.

किरणची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या मित्रामुळे. अमोल त्याचं नाव. दोघं हिंगोलीकडचे, एकाच आयटीआयमधून बाहेर पडलेले. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागले होते आणि आणखी दोघांबरोबर एकाच खोलीत राहत होते. एका सकाळी रात्रपाळी सुटण्याच्या सुमाराला शेजाऱ्यांनी अमोलला आमच्याकडे आणलं. तो वाचला नाही. किरण कंपनीच्या कपड्यांतच धावत आला.

त्यानंतर त्या पोराने जे केलं ते बघून आमचा सगळा स्टाफ थक्क झाला. गावाकडे फोन त्याने केले. पोलिसांना जबाब त्याने दिला. अमोलचे वडील आले तेव्हा त्यांना कोसळू न देता दोन्ही हातांनी सावरून त्याने धरलं. अँब्युलन्सवाल्याशी बोलणं, कागदांवर सह्या कुठे करायच्या ते दाखवणं, सगळं त्यानेच. “पोरगं खंबीर आहे हो,” आमच्या सिस्टर म्हणाल्या. मी त्याला विचारलं, “तू काही खाल्लंस का?”

“माझं राहू द्या मॅडम,” तो म्हणाला, “आधी काकांना चहा द्या. सकाळपासून पाण्याचा घोट न्हाई त्यांच्या पोटात.”

या कामात मुरलेल्या माणसाला अशा खंबीर पोराची भीती वाटते. मित्र गेला की सगळे घरच्यांकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच खोलीत झोपणारा, त्याच्याच वयाचा, तेच दिवस काढणारा मित्र कुणाच्या नजरेत येत नाही. त्याला कुणी सुतकही पाळू देत नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड पंच करून त्याला लाईनवर उभं राहायचं असतं. मी किरणचा नंबर मागून घेतला आणि काही दिवसांनी फोन केला.

“मला काय झालंय मॅडम? मी एकदम ओके.”

पुन्हा केला. पुन्हा ओके. तिसऱ्यांदा केला तेव्हा म्हणाला, “हॉस्पिटलात नको मॅडम. तिथं पाय पडत न्हाई माझा. युनूसचाचाच्या गॅरेजवर या.”

चाकणला हमरस्त्यापासून आत, पत्र्याच्या दोन शेडचं ते दुचाकीचं गॅरेज. युनूसभाई तिथले जुने रहिवासी. किरण आपली सेकंडहँड मोटारसायकल दुरुस्तीला घेऊन गेला होता आणि मग सुट्टीच्या दिवशी तिथेच रेंगाळू लागला. पाने पुसून ठेव, नट आवळ, चहा सांगून ये, असं करत तो तिथला झाला होता. मी गेले तर युनूसभाईंनी स्टूल पुसून दिलं, कॉम्प्रेसर बंद केला आणि “मी जरा नमाजला जाऊन येतो, दुकानाकडं बघ रे,” असं किरणला म्हणून निघून गेले. नमाजची वेळ नव्हती, हे मला नंतर कळलं.

किरण बराच वेळ कंपनीतल्या गमती सांगत राहिला. गमती चांगल्या होत्या, मी हसलेही. मग झोपेबद्दल विचारलं. झोपतो म्हणाला. जेवणाबद्दल विचारलं. जेवतो म्हणाला. खोलीतली बाकीची दोघं सोडून गेली होती, हा एकटाच तिथे राहत होता. “भीती न्हाई वाटत,” म्हणाला.

“किरण, एक सरळ विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का?”

पुष्कळ शिकलेल्या लोकांना वाटतं, की असं विचारू नये, विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल. तसं होत नाही. ज्याच्या मनात नाही तो चमकून ‘छे’ म्हणतो आणि विषय संपतो. ज्याच्या मनात आहे त्याच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरतं, कारण ते बोलायला त्याला आतापर्यंत जागाच मिळालेली नसते. मात्र विचारल्यावर उत्तर ऐकायची तयारी हवी. घाबरून उपदेश सुरू केला की दार पुन्हा बंद होतं.

किरणने हातातला पाना खाली ठेवला. “येतं,” म्हणाला.

“रोज?”

“शिफ्टवरून आलो, की येतं.” आणि मग एकदम, “त्यानं मला फोन केलता, मॅडम. त्या दिवशी. आमचे फोन लॉकरमध्ये ठेवून घेतेत, लाईनवर नेऊ देत न्हाईत. सुटल्यावर बघितला. मिस्ड कॉल. अजून डिलीट केला न्हाई मी तो.” त्याने मोबाईल काढला, पण मला दाखवला नाही. “उचलला असता तर?”

‘तुझा काही दोष नाही’ हे वाक्य अशा वेळी तोंडावर येतंच. ते खरंही असतं, पण त्या क्षणी त्याचा उपयोग नसतो. मी म्हटलं, “उचलता आला असता तर तू उचललाच असतास, एवढं मला माहीत आहे.” तेव्हा तो रडला. अमोल गेल्यापासून पहिल्यांदाच. युनूसभाई दुरून येताना दिसले आणि पुन्हा वळून टपरीकडे गेले.

त्या बैठकीत पुढचं ठरवलं. त्या खोलीत एकट्याने राहायचं नाही. विचार जोरात यायला लागला तर आधी कुणाला फोन करायचा हे त्याने स्वतः सांगायचं. त्याने युनूसचाचांचं नाव घेतलं, म्हणून त्याच्याच परवानगीने युनूसभाईंना सगळं सांगितलं आणि माझा नंबर दिला. घातक ठरेल असं काही हाताशी राहू द्यायचं नाही, कारण तो जोराचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ निभावला तर माणूस वाचतो. आणि आमच्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमना भेटायचं. औषधं लागली तर घ्यायची.

त्याच्या वडिलांना फोन केला. ते गावी शिवणकाम करायचे. फोनमधून मशीनचा आवाज ऐकू येत होता, माझं बोलणं ऐकताना तो थांबला. “आमच्या घराण्यात असलं काही न्हाई,” ते म्हणाले. “दोस्त गेलाय, चार दिवस वाईट वाटणारच. कामाला लावा त्याला.” आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

बाहेरच्यांना वाटतं, की एकदा पोर बोललं की झालं, सुटला प्रश्न. खरी दमछाक इथून पुढे होते. आमची ओपीडी सकाळची, किरणची शिफ्टही सकाळची. पुढच्या आठवड्यात शिफ्ट बदलली, तर तो झोपून राहिला. कंपनीतल्या अधिकाऱ्याला भेटायला गेले, तर त्यांनी ‘त्याला गावी आराम करू द्या’ असं सुचवलं. ट्रेनीच्या आरामाचा अर्थ पुन्हा न बोलावणं असा होतो, हे त्यांनाही माहीत होतं. मी तिथे बसून राहिले. शेवटी, फिरती शिफ्ट बंद करून काही काळ जनरल शिफ्ट देऊ, एवढं त्यांनी कबूल केलं. त्या माणसाला दोष देत नाही, त्याच्याही डोक्यावर कुणी तरी होतं. पण एका पोराला रोज ठरलेल्या वेळी झोप मिळावी, यासाठी एवढं बोलावं लागलं, याचा थकवा मला आजही आठवतो.

किरण एका ओळखीच्या कुटुंबाकडे राहायला गेला. औषधं सुरू झाली. चेहरा उजळायला लागला. आणि मग, सगळं बरं चाललंय असं वाटत असतानाच, एका दुपारी युनूसभाईंचा फोन आला.

“मॅडम, किरण आत्ता आला होता. गाडीची चावी देऊन गेला. म्हणाला, चाचा, गाडी तुम्हीच वापरा. हसत होता हो. पण मला काही बरं वाटेना.”

जिवापाड जपलेली वस्तू कुणी अशी हसत देऊन टाकली, की आम्ही ती धोक्याची खूण मानतो. “कुठे गेला तो?”

“त्या जुन्या खोलीकडं गेला असंल. किल्ली अजून त्याच्याकडंच आहे.”

“युनूसभाई, तुम्ही आत्ताच्या आत्ता जा. मी निघाले. फोन चालू ठेवा.”

दुकानात एका गिऱ्हाइकाची गाडी पूर्ण उघडून ठेवलेली होती. ते गिऱ्हाईक बोंबलत असताना युनूसभाईंनी शटर ओढलं. मी रिक्षात बसले आणि नाशिक रस्त्याला लागले. तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मोशीच्या पुढे कंटेनरच्या मागे कंटेनर, एकही हलत नव्हता. रिक्षावाला इंजिन बंद करून खाली उतरला. मी फोन कानाला लावून बसले होते. पलीकडे युनूसभाईंच्या चालण्याचा, धापा टाकण्याचा आवाज. मग जिना चढल्याचा. मग दार ढकलल्याचा. दाराला आतून कडी लावलेली नव्हती.

मी फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

मग युनूसभाईंचा आवाज आला. ओरडणं नाही, रडणं नाही, जवळजवळ वैतागलेला. “इथं काय बसलायस? क्लच प्लेट काढून ठेवलीय, पकडायला कुणी न्हाई. ते गिऱ्हाईक माझा जीव खातंय. ऊठ, चल.”

मग किरणचा अगदी बारीक आवाज. “चाचा, मला न्हाई जमत आता.”

“नको जमू दे. तू फक्त पकड. चल.”

आणि तो उठला.

मी पोचले तेव्हा दोघं गॅरेजमध्ये खाली बसले होते. क्लच प्लेट बसवून झाली होती. किरणचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि युनूसभाई एका हाताने त्याचा शर्ट मागून धरून होते, लहान मुलाला गर्दीत धरतात तसा. तो त्यांनी सोडला तो थेट आमच्या वॉर्डात.

यावेळी किरणचे वडील आले. आल्यापासून दोन दिवस ते मुलाच्या कॉटपाशी नुसते बसून होते. मुलगाही बोलत नव्हता. ‘काय कमी केलं होतं तुला’ असं ते म्हणतील, याची मला धास्ती होती. बहुतेक बाप हेच म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“मॅडम, फोनवर मी तुमच्याशी खोटं बोललो.”

मी त्यांना कडेच्या बाकावर बसवलं.

“माझा धाकटा भाऊ असाच गेला. किरण तवा पाळण्यात होता. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत न्हाई. फोटो बी काढून टाकला. पोराला सांगितलंय, काका तापानं गेला.”

“हे तुम्ही किरणला सांगाल?”

“कसं सांगू? त्याच्या मनात अजून भरंल.”

“भरलेलंच आहे. ते आपल्या एकट्याच्याच मनात आहे असं त्याला वाटतंय. तुम्ही सांगा. मी बाजूला बसते.”

ते आत आले. कॉटच्या कडेला टेकले. त्यांनी किरणकडे न बघता, खिडकीकडे बघत सगळं सांगितलं. भाऊ कसा होता, पोहायला किती चांगला होता, शेवटच्या दिवसांत कसा गप्प झाला होता, आणि कुणी काही विचारलं कसं नाही. आणि मग म्हणाले, “तो गेल्यावर मलाबी तसंच वाटायचं. वरीसभर. मशीनवर बसायचो आणि तेच डोक्यात. तुझ्या मायला बी सांगितलं न्हाई कधी. आज तुला सांगलालो.”

किरण उठून बसला. “मग तुम्ही कसं काय राहिलाव, बापू?”

वडिलांनी खरोखर विचार केला. “काही ठरवून न्हाई राहिलो,” ते म्हणाले. “लगीनसराई होती. लोकांचे कपडे द्यायचे होते. एकाचे झाले की दुसऱ्याचे यायचे. तू रांगत मशीनपाशी यायचास, पायडलवर हात घालायचास, तुला सारखं उचलून बाजूला ठेवावं लागायचं. त्यात कधी तरी कमी झालं.” मग पहिल्यांदाच त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. “पण तुझं आपण असं एकट्यानं न्हाई काढायचं. डाक्टर म्हणतेत तवर मी इथंच हाय.”

ते खरंच राहिले. आमच्या आयांचे ब्लाऊज दुरुस्त करून देत त्यांनी वॉर्डात दिवस काढले. कमल नावाची आमची आया अजून सांगते, की तसं फिटिंग पुन्हा कुणी दिलं नाही.

किरण एकदम बरा झाला नाही. मध्ये औषधं सोडली, पुन्हा घसरला, पुन्हा आला. एकदा माझ्यावर चिडून फोन आपटला. अमोलचा विषय निघाला की अजूनही गप्प व्हायचा. चाकणची नोकरी सुटली. पुढे तळेगावच्या एमआयडीसीत लागला, तिथल्या दवाखान्यात औषधं घेऊ लागला. हळूहळू त्याचे फोन कमी झाले आणि मग बंद झाले. आमच्या कामात हे चांगलं लक्षण मानतात. अमोलचे वडील मात्र मी निवृत्त होईपर्यंत अधूनमधून फोन करायचे. त्यांना विचारायचं काहीच नसायचं. ‘मॅडम, बऱ्या हायत ना?’ एवढंच.

गेल्या महिन्यात भाचीला भेटायला तळेगावला गेले होते. बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानात शिरले, तर काउंटरपाशी किरण उभा. थोडा सुटलेला, मिशी ठेवलेली. शेजारी एक मुलगी, हातात हिरवा चुडा. दोघं मिक्सर घेत होते. मी मागे थांबले. आमच्या कामात एक रीत आहे. पेशंट बाहेर दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर दाखवायची. शेजारच्या माणसाला त्याने काय सांगितलंय आणि काय नाही, हे आपल्याला माहीत नसतं.

त्याने वळून पाहिलं. नजर माझ्यावरून गेली, क्षणभर थांबली असं मला वाटलं, आणि परत काउंटरकडे वळली. ओळखलं की नाही, कळलं नाही.

दुकानदार सांगत होता, “दोन वर्षांची वॉरंटी आहे साहेब, या रेंजमध्ये सगळ्यांना तेवढीच असते.”

“दोन वर्षांनी काय करायचं आम्ही?” किरण म्हणाला. आवाज चांगला चढला होता, बायको त्याची बाही ओढत होती. “दोन वर्षांत काय होतंय? पाच वर्षांवाला दाखवा.”

दुकानदार कुरकुरत माळ्यावर चढला. मला घ्यायचा होता तो डबा मी घेतलाच नाही. हळूच बाहेर पडले आणि भाचीच्या घराकडे चालू लागले.